एकाच पातेल्यातले रात्रीचे जेवण

सोलापूर-पुणे महामार्गावरच्या मोहोळमधून सकाळी माणसे चहूकडे पांगतात. कुणी सोलापूरला नोकरीला, कुणी चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, कुणी शेतात, तर हंगामात कारखान्याकडे. दिवे लागल्यावर ती परततात आणि घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो: रात्रीला काय करायचे? बहुतेक घरांत हा प्रश्न एकाच व्यक्तीच्या डोक्यात असतो आणि तो एसटीत बसल्यापासूनच सुरू झालेला असतो.

प्रश्न साधा वाटतो, पण आहाराच्या दृष्टीने तो दिवसातला सर्वांत महत्त्वाचा असू शकतो. सकाळी चहा-बिस्किटांवर निघालेला माणूस दुपारी डब्यात मिळेल ते खातो. मुले शाळेत खिचडी खातात. ताटावर सगळे एकत्र बसतात ते रात्रीच. दिवसभरात जे कमी पडले ते भरून काढण्याची ही शेवटची संधी असते आणि नेमक्या त्याच वेळी घरातली शक्ती आणि वेळ दोन्ही संपलेले असतात. मग भाकरीबरोबर शेंगाची चटणी, भाताबरोबर पातळ वरण, किंवा अलीकडे दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्सची पाकिटे पुढे येतात. यात कुणाचा आळस नाही. भूक लागलेली मुले आणि दमलेली बाई यांच्यात जे सर्वांत लवकर होईल तेच जिंकते.

अशा जेवणात पोट भरते, पण पिष्टमय पदार्थांनी भरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने मे २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी धान्यातून येणारा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत असावा आणि डाळी, कडधान्ये, अंडी, मांस यांतून १४ ते १५ टक्के ऊर्जा यावी, असे त्यांत म्हटले आहे. प्रत्यक्षात भारतीय ताटात धान्याचा वाटा ५० ते ७० टक्के आहे आणि डाळी, मांस, मासे हे सगळे मिळून जेमतेम ६ ते ९ टक्के. म्हणजे भाकरी पुरेशी आहे, अडचण तिच्या शेजारच्या वाटीची आहे.

मोहोळच्या भाकरीबद्दल बोलताना थोडे थांबायला हवे. रब्बी ज्वारीचा सर्वांत नावाजलेला वाण, मालदांडी ३५-१, हा १९३० च्या दशकात मोहोळच्याच संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडला गेला. ‘एम ३५-१’ या नावाने तो देशभर पोहोचला. त्याच्या भाकरीची चव आणि कडब्याचा दर्जा यांना तोड नाही, असे शेतकरी अजून सांगतात. पलीकडच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. उजनीच्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले तशी ज्वारी मागे सरली, तरी या भागातल्या घरांत भाकरीला पर्याय नाही. ती उत्तम धान्य आहे, तंतुमय आहे. पण एकटीने ती पुरी पडत नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फारच कमी असते. शिवाय तिच्यातले काफिरिन नावाचे प्रथिन पाण्यात शिजल्यावर पचायला आणखी अवघड होते. आंबवल्याने ही पचनक्षमता सुधारते. उन्हाळ्यातल्या आंबिलीमागे असा आधार आहे, पूर्वजांना तो रसायनशास्त्राच्या भाषेत ठाऊक नसला तरी.

या दोन्ही अडचणींवर, म्हणजे वेळेच्या आणि प्रथिनाच्या, सोलापूर भागातल्या स्वयंपाकात एक जुने उत्तर आहे: हुलग्याचे शेंगोळे. थंडी पडली, पावसाची झड लागली, घरात कुणाला सर्दी झाली की हमखास होणारा हा पदार्थ. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, मिरची घालून घट्ट मळायचे, तेलाच्या हातावर वळून बारीक वेटोळी करायची आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. पाणीच आमटी होते. वेगळी भाजी नको, वेगळे वरण नको. एक पातेले चुलीवरून उतरले की जेवण तयार.

हुलगा, म्हणजे कोकणातला कुळीथ, हे कोरडवाहू जमिनीचे पीक. हलक्या रानात, कमी पाण्यात येते, म्हणून त्याला गरिबाचे कडधान्य म्हणून हिणवलेही गेले. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीत ती १० ग्रॅमच्या आसपास असतात. मुख्य म्हणजे हुलग्यात लायसिन भरपूर असते. उलट कडधान्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले, विशेषतः मिथिओनिन, कमी असतात, ती धान्यांतून मिळतात. शेंगोळ्याच्या पिठात थोडी ज्वारी आणि थोडी कणीक मिसळण्याची पद्धत बांधणीसाठी पडली असावी, पण तिच्यामुळे प्रथिनाची ही जोडीही जमून जाते.

चार माणसांच्या घरासाठी हिशेब मांडला तर पाव किलो हुलग्याचे पीठ, १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ आणि ५० ग्रॅम कणीक लागते. यातून एकूण ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, म्हणजे माणशी सुमारे १७ ग्रॅम. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम प्रथिने हवीत, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. एका पातेल्यातून दिवसाच्या गरजेचा जवळपास तिसरा भाग निघतो. बरोबर अर्धी भाकरी, कांदा आणि लिंबाची फोड असली की आणखी काही करावे लागत नाही.

थोड्याशा महाग जिनसेला स्वस्त धान्याची साथ देऊन अख्ख्या घराचे पोट भरायचे, ही युक्ती जगभर सापडते. अमेरिकेत १९३० च्या मंदीत मीटलोफ घरोघरी गेला तो याच कारणाने. खिमा कमी, म्हणून त्यात पावाचा चुरा, अंडे, कांदा मिसळून त्याची लादी थापायची आणि भट्टीत भाजायची. दमून आलेल्या कुटुंबाचे ते आजही आवडते जेवण आहे. मोहोळच्या घरात भट्टी नसते आणि तिची गरजही नाही. जिथे मांसाहार चालतो तिथे अर्धा किलोऐवजी पाव किलो खिमा आणि त्यात वाटीभर भिजवलेली हरभरा डाळ, काळा मसाला, कांदा असे कुकरला लावले तर तेच साधते. खर्च उतरतो आणि एक फायदा असाही होतो, जो सहसा कुणी सांगत नाही: थोडेसे मांस त्याच जेवणातल्या डाळीचे आणि धान्याचे लोह शोषले जायला मदत करते. म्हणजे आठवड्यातून एकदा रविवारी ढीगभर मटण खाण्यापेक्षा तेवढेच मटण दोन-तीन जेवणांत वाटून घेतलेले शरीराला अधिक उपयोगी. खिम्याच्या बाबतीत एकच पथ्य कडक आहे. मटणाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते वरच्या बाजूला असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा आणला त्याच दिवशी आणि पूर्ण शिजवूनच खावा.

शाकाहारी घरांत लोहाचे काम लिंबू करते. हुलग्यात लोह बऱ्यापैकी असते, पण वनस्पतीतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. फायटेटसारखे घटक ते धरून ठेवतात. लिंबातले क जीवनसत्त्व ही पकड सैल करते. मात्र लिंबू पातेल्यात पिळून उकळू नये, ताटात पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहातले टॅनिन नेमके उलटे काम करते. तासभर थांबले तरी पुष्कळ. हा बारकावा वाटेल, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. लोहाच्या गोळ्या लागतात तिथे त्या घ्यायलाच हव्यात, लिंबाने त्यांची जागा भरत नाही. पण ज्या घरात निम्म्या बायका आणि त्याहून अधिक मुले या आकड्यात बसण्याची शक्यता आहे, तिथे ताटातली एक फोड फुकट जाऊ देण्यासारखी नाही.

आता वेळेचे. शेंगोळे म्हटले की ‘एवढे वळत कोण बसणार’ हा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. चार माणसांचे शेंगोळे एकटीने वळायचे तर अर्धा तास सहज जातो. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय आठवड्याच्या नियोजनाचा. हुलगे रविवारी निवडून, खरपूस वास येईपर्यंत मंद आचेवर भाजून गिरणीतून दळून आणावेत. भाजल्याने कडधान्याचा उग्र वास जातो आणि पीठ टिकते. ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. त्याच पिठाचे आजारी माणसासाठी माडगे होते, सकाळी पिठले होते. लसूण, जिरे, मिरची, कोथिंबीर यांचे वाटण मात्र ताजे करावे. फ्रिज असेल तर दोन-तीन दिवसांचे एकदम केले तरी चालते. बाहेर ठेवू नये.

दुसरा उपाय अधिक साधा आणि अधिक अवघड: वळायला सगळ्यांनी बसावे. तिघा-चौघांनी परातीभोवती बसून वळले तर दहा-पंधरा मिनिटांत ताट भरते. शेंगोळे वळायला कौशल्य लागत नाही. सहा वर्षांच्या मुलाचा शेंगोळा वाकडा होईल, एवढेच. आजी-आजोबांना बसल्या जागी जमण्यासारखे हे काम आहे आणि घरातल्या पुरुषांना न जमण्याचे काही कारण नाही. केंद्राच्या सांख्यिकी खात्याच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. जे पुरुष घरकामाला हात लावतात ते ८८ मिनिटे. आणि हात लावणारे पुरुष मुळात थोडे आहेत. आरोग्याच्या सदरात हे आकडे कशाला, असे कुणाला वाटेल. पण ‘घरचे ताजे खा’ हा सल्ला देताना ते ताजे कुणी करायचे हे न सांगणे म्हणजे अर्धाच सल्ला देणे. दिवसभर पाळी करून आलेल्या बाईवर तो सल्ला आणखी एका ओझ्यासारखा पडतो आणि मग पाकीट फाडले की ती स्वतःलाच दोष देते. पाकिटाशी स्पर्धा करायची असेल तर ती वेळेत करावी लागेल, आणि वेळ फक्त हात वाढवूनच कमी होतो.

पाकिटाबद्दलही एवढे सांगायला हवे की ते विष नाही. पण मैदा, तेल आणि मीठ यांपलीकडे त्यात फारसे काही नसते. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झटपट नूडल्सच्या एका लहान पाकिटात साधारण दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असते. मुलाने संध्याकाळी ते खाल्ले आणि रात्री पुन्हा चटणी-भाकरी, तर हिशेब कुठे जातो ते उघड आहे. शेंगोळ्यातले मीठ घराच्या हातात असते. चार माणसांच्या पातेल्याला पीठ आणि पाणी दोन्ही मिळून एक सपाट चहाचा चमचा मीठ पुरते. लसणाच्या आणि मिरचीच्या झणक्यात कमी मीठ जाणवत नाही.

शिजवताना एक चूक वारंवार होते. शेंगोळे जाड वळले जातात आणि आत कच्चे राहतात. कच्च्या हुलग्यात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते नष्ट व्हायला पुरेशी उष्णता लागते. म्हणून शेंगोळा पेन्सिलीएवढाच जाड असावा. दीड लिटर पाण्याला खळखळून उकळी आल्यावर थोडे थोडे सोडावेत, नाहीतर एकमेकांना चिकटतात. झाकण ठेवून मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटे शिजवावे. एक तोडून पाहावा. मध्ये कोरडी रेघ दिसली तर आणखी पाच मिनिटे. पाणी आटले तर गरम पाणीच वाढवावे. रस दाट हवा असेल तर परातीला चिकटलेले पीठ पाण्यात कालवून त्यात ओतायचे, ही इथल्या बायकांची जुनी रीत आहे. शेवटी मूठभर चिरलेली मेथी किंवा पालक टाकला तर भाजीचाही प्रश्न मिटतो, जरी जुन्या मंडळींना ते शेंगोळे वाटणार नाहीत.

हुलग्याच्या बाबतीत काही समजुती मात्र बाजूला ठेवायला हव्यात. हुलग्याचे पाणी प्याल्याने मुतखडा विरघळतो असे गावोगाव सांगितले जाते. त्यावर विसंबून दुखणे अंगावर काढू नये. वेदना, ताप किंवा लघवीत रक्त असेल तर तपासणी लागते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना प्रथिने मोजून खावी लागतात, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच हा पदार्थ घ्यावा. मधुमेह असणाऱ्यांना भातापेक्षा शेंगोळे बरे, कारण त्यातली साखर रक्तात हळू उतरते. पण वाडगाभर शेंगोळे आणि वर दोन भाकरी असे केले तर तो फायदा उरत नाही. ज्यांना कडधान्याने पोट फुगते त्यांनी हुलग्याचे प्रमाण निम्मे करून ज्वारी वाढवावी आणि हळूहळू सवय लावावी. ही तक्रार हुलग्यातल्या न पचणाऱ्या काही शर्करांमुळे होते. मोठ्या आतड्यातले जंतू त्यांवर जगतात, आणि वायू हा त्याचाच परिणाम.

लसणाची फोडणी पडली की थकलेल्या घराला हायसे का वाटते, याचेही थोडे स्पष्टीकरण आहे. वासाचे संदेश मेंदूत स्मृती आणि भावना सांभाळणाऱ्या भागांशी फार जवळून जोडलेले असतात. इतर संवेदनांपेक्षा त्यांचा मार्ग थेट आहे. लहानपणी पावसाळ्यात खाल्लेल्या पदार्थाचा वास म्हणूनच भुकेच्या आधी आठवण जागी करतो. एकत्र जेवणाऱ्या कुटुंबांतली मुले भाज्या-फळे अधिक खातात, असे परदेशांतल्या अनेक पाहण्यांत दिसले आहे. अर्थात ज्या घरांना एकत्र जेवायला वेळ मिळतो त्यांची परिस्थिती मुळातच बरी असते, त्यामुळे कारण जेवणाचे की परिस्थितीचे हे ठामपणे सांगता येत नाही. एकत्र जेवण्यात तोटा मात्र कुणालाच आढळलेला नाही. वेळ तेवढी सांभाळावी. रात्री उशिरा खाल्लेल्या अन्नातली साखर शरीर दिवसाइतक्या चांगल्या रीतीने हाताळत नाही. झोपण्याच्या दोन तास आधी जेवण आटोपले तर उत्तम. ज्याची पाळी रात्री दहाला सुटते त्याला हे सांगून उपयोग नाही. त्याच्यासाठी पातेल्यातला वाटा काढून ठेवावा आणि त्याने तो हलका ठेवावा.

एक गोष्ट घराच्या आवाक्याबाहेरची आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. गरिबाच्या घरात चूल पेटती राहण्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. पण कायद्यात धान्य आहे, डाळ नाही. शाळेच्या पोषण आहारात मात्र धान्याबरोबर डाळ ठरवून दिलेली आहे: पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम धान्यामागे २० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅममागे ३०. जे शास्त्र शाळेच्या ताटाला लागू आहे ते घराच्या ताटाला लागू नाही असे मानायचे कारण दिसत नाही. माणशी महिन्याला किलोभर कडधान्य रेशनवर द्यावे आणि कोरडवाहू तालुक्यांत ते हुलगा, मटकी, तूर असे स्थानिक खरेदीतून घ्यावे, ही मागणी अवाजवी नाही. माळरानावरच्या हुलग्याला त्यातून गिऱ्हाईक मिळेल आणि पाण्यासाठी उसाशी झगडावेही लागणार नाही.

तोवर पातेल्यात जे उरेल त्याची काळजी घ्यावी. शेंगोळे उरतातच, कारण मोजून कुणी वळत नाही. ओलसर, प्रथिनयुक्त अन्न उन्हाळ्याच्या रात्री झाकून ओट्यावर ठेवले तर सकाळपर्यंत त्यात जंतू वाढतात, आणि वास येत नाही म्हणजे ते चांगले आहे असे नसते. पसरट भांड्यात काढून लवकर गार करावे, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी पुरती उकळी आणूनच वाढावे. फ्रिज नसेल तर पीठ आधीच कमी मळावे. रात्रभरात शेंगोळे रस पितात आणि मऊ होतात. थोडे पाणी घालून उकळले आणि त्यात शिळी भाकरी कुस्करली की मुलांची सकाळची न्याहारी तयार होते. या भागात पुष्कळांना रात्रीच्या शेंगोळ्यांपेक्षा तीच अधिक आवडते.